दुपारचं उलटं पाणी

नदी उलटी वाहताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. संक्रांत होऊन गेली होती, ऊन अजून सोसवत होतं, आणि धरणाखालच्या काठावर आम्ही तिघं उभे होतो: नॉर्वेहून आलेला एक अभियंता, लाओसहून आलेल्या एक मत्स्यतज्ज्ञ बाई आणि मी. मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माशांवर थोडंफार काम केलंय, इंग्रजी बोलता येतं आणि माहेर त्याच नदीकाठचं आहे, एवढ्या भांडवलावर मला त्या प्रकल्पात ओढलं होतं. धरणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही.

धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. ते झाल्यापासून खालच्या नदीतले मासे कमी होत गेले, पाण्याला कुबट वास यायला लागला, जलपर्णी माजली. असेच प्रश्न मेकाँगच्या काठावर आहेत आणि नॉर्वेतल्या नद्यांवरही होते. तेव्हा तीन देशांतल्या माणसांनी एकत्र बसून काहीतरी मार्ग काढायचा, असा तो प्रकल्प. परदेशी पाहुणे आले की आपल्याकडे कामाच्या आधी सत्कार होतो, तसा झाला. लाओसच्या बाईंना दिलेली हिमरू शाल त्यांना इतकी आवडली की त्या ती नदीवरही गळ्यात घालून येत. अभियंत्याने नारळ कसा फोडतात ते विचारून घेतलं आणि पुढे रोज सकाळी एक फोडून खाऊ लागला. माणसं साधी होती. सत्कार करणारे साहेब मात्र फोटो काढून झाल्यावर पुन्हा काठाकडे फिरकले नाहीत.

पाण्याचा वेग मोजायचं यंत्र मुंबईला कस्टममध्ये अडकून पडलं होतं. अभियंता म्हणाला, आमच्याकडे जुनी माणसं संत्री सोडायची. संत्रं जवळजवळ सगळं पाण्याखाली राहतं, त्याला वारा लागत नाही, ते फक्त पाण्याबरोबर जातं. मी म्हटलं, आमच्याकडे मोसंबी. येताना जाधववाडीच्या बाजारातून एक क्रेट घेतलं होतं. खायची मोसंबी नदीत सोडणार म्हटल्यावर आमच्या ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि दोन-चार स्वतःसाठी बाजूला काढून ठेवली.

भर दुपारी होडीतून मधोमध जाऊन आम्ही मोसंबी सोडली आणि काठावर येऊन उभे राहिलो. थोडा वेळ ती जागच्या जागी डुलली. मग एकामागे एक निघाली, धरणाच्या दिशेने.

मी पुन्हा नीट पाहिलं. धरणाची भिंत आमच्या डाव्या हाताला होती. नदी तिथून सुटून उजवीकडे, बंधाऱ्याकडे जाते, जन्मापासून पाहिलेली गोष्ट. आणि ती पिवळट हिरवी मोसंबी डावीकडे चालली होती, न घाई करता, ठरलेल्या कामाला निघाल्यासारखी. पाण्याला आवाज नव्हता. उलट्या पाण्यातून कधी खळखळ येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. काठावरच्या दगडांवर बगळे उभे होते. बगळा पाणी येतं त्या बाजूला तोंड करून उभा राहतो. ते सगळे बंधाऱ्याकडे तोंड करून उभे होते. आणि पायाखालची जमीन घुमत होती, कानाला नाही, फक्त तळपायाला कळेल इतकीच.

अभियंता खुशीत वेळ मोजत होता. मला मात्र तोंडातली पेरूची फोड गिळवेना, कारण दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ त्याच पाण्यात नाहीसा झाला होता.

दादाची शेती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीला लागून. काठावर त्याची विजेची मोटार होती. जलपर्णी वाढली की मोटारीच्या नळीचं पाण्यातलं तोंड बुजायचं आणि मग कुणीतरी आत उतरून ते साफ करायचं. काठावरच्या सगळ्यांचं हे नेहमीचं काम. दादाही त्या दुपारी उतरला. त्याला उत्तम पोहता येत होतं, आम्ही दोघंही त्याच पाण्यात शिकलो होतो. वहिनी भाकरी घेऊन गेली तेव्हा काठावर त्याच्या चपला आणि शर्ट होता, मोटार चालू होती आणि पाणी सपाट होतं.

मग शोध सुरू झाला. गावातले भोई गळ टाकून आले, शहरातून होड्या आल्या, पट्टीचे पोहणारे आले. सगळ्यांनी खाली शोधलं. माणूस बुडाला की पाण्याबरोबर खाली जातो, मग खालचा बंधारा गाठायचा, तिथल्या भिंतीला लागलेलं सगळं उपसायचं, काठाकाठाने झुडपं पाहायची. आमच्या नदीवर पिढ्यानपिढ्या असंच शोधतात आणि माणूस असाच सापडतो. मीही त्या गर्दीत होते. डावीकडे, धरणाकडे, एकानेही पाहिलं नाही. तिकडे बघायचं कारणच काय होतं?

दादा सापडला नाही.

आईचं म्हणणं असं की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि दहावा उरकावा. आपण जिवंत असेपर्यंत मुलाचा दहावा व्हावा, एवढंच तिला हवं होतं. भटजींनीही तशी सोय असल्याचं सांगितलं. वहिनीने साफ नकार दिला. ती कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली आणि दर अमावास्येला दुपारी दादा उतरला त्याच जागी जाऊन द्रोणात दिवा सोडत राहिली. "दिवा वर येतो," ती म्हणायची. "खाली जात नाय. म्हंजी हे बी येनार." गावातल्या बाया मान हलवायच्या. दादा-वहिनीची मुलगी लासूर स्टेशनला दिलेली, ती फोनवर रडायची आणि मला म्हणायची, आत्या, तू तरी आईला समजाव. मी समजावलं नाही. दिवा वाऱ्याने वर जात असेल असं मला वाटायचं, आणि वाऱ्याच्या जिवावर एखादी बाई उभी राहत असेल तर आपण कशाला तिच्या पायाखालची माती काढायची?

म्हणून त्या दुपारी मोसंबी डावीकडे निघाली तेव्हा मला आधी दिवा आठवला आणि मग दादा.

मी अभियंत्याला विचारलं, हे काय चाललंय? त्याने काठीने वाळूत दोन तळी काढली, एक वर, एक खाली. संध्याकाळी शहरात दिवे लागतात, तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. आणि वीज उरत असेल त्या वेळी तेच यंत्र उलटं फिरवून खालचं पाणी पुन्हा वर, धरणात चढवायचं. खालचा बंधारा त्यासाठीच तर घातलाय. यात नवीन काही नव्हतं. धरणाला असा पंप आहे हे आम्हा काठच्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"पण तो रात्री चालतो," मी म्हटलं.

"चालायचा. पूर्वी वीज रात्री उरायची. आता तुमच्याकडे सगळीकडे सौर पॅनेलं झाली. आता ती दुपारी उरते."

"दुपारी कधीपासून चालवतात?"

त्याने वीजघरातल्या माणसांकडून ऐकलं होतं ते सांगितलं. म्हणजे दादा जायच्या थोडंच आधीपासून.

लाओसच्या बाई तेवढ्या वेळात पाण्याकडे पाहत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे मासे का कमी होतात ते कळलं." मासा अंडी घालायला प्रवाहाच्या विरुद्ध जातो. पाणी अंगावर कुठून येतं यावरून त्याला वरची दिशा कळते, दुसरी कुठलीही खूण त्याच्याकडे नसते. सकाळी तो धरणाकडे निघतो. दुपारी पाणी फिरलं की तोही फिरतो आणि त्याला वाटतं, आपण वरच चाललोय. "त्याची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पोहत राहतो, पोचत कुठेच नाही. आमच्याकडे मी असे मासे पाहिलेत, ते दमून मरतात." आम्हीही त्या माशांइतकेच भाबडे ठरलो होतो, आणि हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

दोन दिवसांनी आमच्या कॉलनीत नळ आला. आमच्या शहरात नळ येणं ही साधी गोष्ट नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घराघरांत सणाची गडबड असते, मोटारी घरघरतात, गच्चीवरच्या टाक्या वाहतात, शेजारीपाजारी एकमेकांना फोन करून उठवतात. मी हंडा घेऊन नळाखाली उभी राहिले आणि तो नळाला लावूच शकले नाही. हे पाणी त्याच धरणातून येतं. खालून ओढलेलं पाणी धरणात चढतं आणि धरणातलं पाणी इतक्या टाक्या, इतकी औषधं पार करून माझ्या नळातून पडतं. पाणी अगदी स्वच्छ होतं, त्याला नेहमीचा औषधाचा वास होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मला भयंकर भीती वाटली. कशाची, ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

"अगं लाव ना हंडा, प्रेशर जाईल," नवरा आतून ओरडला. मग बाहेर येऊन माझा चेहरा पाहिला आणि त्याने स्वतः टाकी भरली. पुढचे काही दिवस मी विकतच्या जारचं पाणी प्यायले. "पाहुण्यांची सवय लागली वाटतं," असं त्याने एकदा चिडवलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी त्यानेही नळाच्या पाण्याचा चहा केला नाही.

मग बैठका झाल्या. परदेशी पाहुण्यांसमोर आपले साहेब फार गोड बोलतात, आणि गोड बोलण्यातून काम होतंच असं नाही. पण या वेळी झालं, त्याचं श्रेय मी त्या दोघांना देते. बाईंनी त्यांच्या देशातल्या ओसाड काठांचे फोटो एकामागून एक पडद्यावर दाखवले आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "आम्हाला उशीर झाला, तुम्हाला अजून झालेला नाही." अभियंत्याने मुद्द्याचं सांगितलं. माशांच्या हंगामात दुपारचा पंप बंद ठेवायचा. पंपाच्या तोंडाशी तळाला जी लोखंडी जाळी आहे, ती वर काढायची आणि तिच्या जागी माशांची अंडी आत जाणार नाहीत अशी नवी बसवायची. नकाशा नॉर्वेचा, अनुभव लाओसचा आणि जाळी बनणार आमच्या वाळूजच्या कारखान्यात. तळाची ती जुनी जाळी कितीतरी वर्षं कुणी उचललीच नव्हती, हेही तेव्हा कळलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकदाचा निर्णय झाला.

बैठकीनंतर मी अभियंत्याला गॅलरीत गाठलं. समजा, मी म्हटलं, बंधाऱ्याजवळ दुपारी एखादी म्हैस बुडून मेली. ती कुठे जाईल? त्याने विचार केला. पंप चालू असेल तर धरणाकडे, तो म्हणाला. डावा कोपरा खोल आहे, तिथे पाणी गोल फिरतं. पंप ओढणार, ती जाळीला चिकटणार, वरून जलपर्णी आणि गाळ बसणार. मग वर यायचं कारणच नाही. एवढं बोलून तो थांबला, कारण मी रडत होते. मग मी त्याला म्हैस नाही, भाऊ, असं सांगितलं. लाओसच्या बाई दारात होत्या, त्यांनीही ऐकलं. अभियंता म्हणाला, "जाळी आम्ही अगदी हळू काढू. त्या दिवशी वरून पाण्याचा थेंबही सोडू देणार नाही." बाईंनी फक्त विचारलं, "त्याच्या बायकोला कोण सांगणार?"

आणखी कोण सांगणार होतं? मी अमावास्या धरून गावाला गेले.

वहिनी काठावर बसली होती. द्रोणात कणकेचा दिवा, बाजूला झेंडूची दोन फुलं. दुपारची वेळ, नदीवर चिटपाखरू नव्हतं. माझ्या तळपायांना पुन्हा ती घुमघुम कळायला लागली आणि मी चप्पल घातली. वहिनीने दिवा पाण्यावर ठेवला आणि बोटाने जरासा ढकलला. तो थोडा डुलला आणि वर निघाला. उन्हात ज्योत दिसत नव्हती, फक्त वात काळी पडताना कळत होतं. आम्ही दोघी बघत राहिलो. तो डाव्या काठाकडे सरकत सरकत गेला आणि भिंतीच्या सावलीत, त्या कोपऱ्यात जाऊन हळूहळू गोल फिरायला लागला.

"वहिनी," मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. हे पाणी का वर जातं ते कळलंय आम्हाला."

"पंप हाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले.

"मला म्हायीत हाय, ताई. सुरवातीला नव्हतं. पहिला दिवा वर गेला तवा लई आनंद झाला. दुसरा गेला, तिसरा गेला. दर बारीला त्याच कोपऱ्यात. मंग म्या इचार केला, दिवा जिथं जातो तिथंच मानूस बी जानार. दिव्याला काय येगळं पानी हाय व्हय?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं? दादा कुठे आहे ते?"

"व्हय."

"आणि तू सांगितलं नाहीस? आईला नाही, मला नाही?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं आई त्या उंबऱ्यात बसून होती. वहिनी मात्र शांतपणे पाण्याकडे बघत होती.

"सांगून काय केलं आसतं तुमी? वर काढलं आसतं. जाळलं आसतं. धाव्या दिवशी समदे जेवून गेले आसते. मंग मला काय ऱ्हायलं? आता हायेत ते तिथं. म्या दर आवसंला येते, बसते, काय घडलं ते सांगते. लेकीचं सांगते, मोटारीचं सांगते. दिवा पोचला की कळतं, ऐकलं म्हनून." ती थोडी थांबली. "तुमी शिकलेल्या हाव, तुमाला येडेपना वाटंल."

मला वेडेपणा वाटला नाही. मला अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी तिचा हेवाही वाटत होता. दादाशी बोलायचं ठिकाण माझ्याकडे कुठे होतं? मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "वहिनी, सगळं शहर हे पाणी पितं. मी पिते."

"मंग चांगलंच हाय की," ती म्हणाली. "तुमच्यापाशी बी हायेत."

ती हे चेष्टेने म्हणाली नव्हती. समाधानानेच म्हणाली, घरी वाटा पोचवल्यावर बोलावं तसं. नळाखाली उभी असताना मला कशाची भीती वाटली होती ते तेव्हा अर्धंमुर्धं कळलं.

मग मी तिला जाळीचं आणि त्या दोन पाहुण्यांचं सांगितलं. ती ऐकत होती. म्हणाली, "त्या पावन्या बाईला म्हना, तेवढी येक जाळी ऱ्हाऊ द्या. बाकी समदं करा. माशाचं करा, पान्याचं करा. तेवढा कोपरा सोडा."

मी तिला हो म्हणू शकले असते. अभियंत्याला विनंती केली असती तर त्याने नकाशात काहीतरी फिरवलंही असतं, इतका तो भला माणूस होता. पण ते खरं नव्हतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"जाळी ठेवली तरी उपयोग नाही, वहिनी. पंपच बंद होणार. येत्या हंगामात दुपारी पाणी वर जाणारच नाही. तू दिवा सोडशील आणि तो खाली जाईल, बंधाऱ्याकडे."

तिने चटकन माझ्याकडे पाहिलं. मग वर कोपऱ्याकडे, मग खाली बंधाऱ्याकडे. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला दिसत होतं: दिवा उजवीकडे चाललाय आणि दादा डावीकडे, तळाशी, एकटा, आता त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. तिचा चेहरा पहिल्यांदाच मोडला. पदर तोंडात धरून ती खूप रडली, आवाज न करता, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. कोपऱ्यातला दिवा एव्हाना विझला असावा, द्रोण तेवढा फिरत होता.

"मंग काढा," ती म्हणाली. "येकटं नका ठिवू त्यांना."

आईला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. आई काही विचारत बसली नाही. "माझं लेकरू इतक्या जवळ व्हतं व्हय," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

चैत्रात जाळी काढायचा दिवस ठरला. पंप बंद, वरचे दरवाजे बंद. वीजघराच्या माथ्यावर क्रेन आणून उभी केली होती. पोलीस आले होते, पंचनाम्याची माणसं आली होती, आणि साहेबांपैकी दोघं, त्या दिवशी फोटोग्राफर न घेता. खालचं पाणी इतकं निश्चल होतं की भिंत त्यात जशीच्या तशी उलटी दिसत होती. तळपायांना काहीच कळत नव्हतं. इतके दिवस ज्या घुमघुमीने मला धडकी भरायची, ती नाही म्हणून मला आणखी भीती वाटली. बगळे कुठल्याच बाजूला तोंड करून उभे नव्हते, ते आलेच नव्हते.

वहिनी गावातल्या एका रिक्षाने आली. न्हाऊन आली होती, केस ओले होते. अंगावर तिची ठेवणीतली साडी आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या, नव्या कोऱ्या. वाटेत कासाराकडे उतरून भरून घेतल्या होत्या. रेलिंगपाशी येऊन ती उभी राहिली तेव्हा क्रेनवालासुद्धा तिच्याकडे पाहत राहिला.

लाओसच्या बाई तिच्याजवळ गेल्या, दोन्ही हात जोडले आणि त्या बांगड्यांकडे पाहून माझ्याकडे वळल्या. "किती सुंदर आहेत. तिला सांगा ना." त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. मी वहिनीला सांगितलं. ती किंचित हसली.

मला राहवेना. मी तिच्या कानाशी म्हटलं, "वहिनी, हल्ली कुणी बांगड्या फोडत नाही. कुणाला फोडू देणार नाही मी."

"फोडायला कशाला कोन पायजे," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी भरल्यात. त्यांनी बघितल्या की काढून ठेवते."

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाली? मी ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हात वर करून क्रेन थांबवली. अभियंत्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. सगळीकडे अशी शांतता पसरली की पाण्यावरून कुठूनतरी एक माशी जात होती तीही ऐकू आली.

वहिनी रेलिंगच्या अगदी कडेला, डाव्या कोपऱ्यावर गेली. दोन्ही हात तिने पाण्यावर लांब केले आणि हलवले. बांगड्या किणकिणल्या. ती थोडी वाट पाहत उभी राहिली, मग पुन्हा एकदा हलवले. नंतर हात मागे घेऊन ती म्हणाली, "आता उचला."

जाळी हळूहळू वर आली. दादा तिथंच होता.